एकशे दहा किलोमीटर जवळची वाट

मी एक जुना वाटाड्या आहे. गाडीच्या पुढच्या काचेला चिकटवतात, पडद्यावर रस्ता दाखवतो आणि 'डावीकडे वळा, उजवीकडे वळा' असं बोलतो, त्यातला. हल्ली फोनच हे काम करतात, म्हणून मला कुणी विचारत नाही. बिश्केकमध्ये बुरूलबाईंच्या स्वयंपाकघरात चमच्यांच्या खणाखाली एक खण आहे, त्यात मी पडून असतो. माझ्या वायरीभोवती काळ्या-पांढऱ्या लोकरीची पीळ घातलेली एक दोरी गुंडाळलेली आहे. मित्रांनो, त्या दोरीने मला दहा वर्षं सुखाने झोपू दिलेलं नाही. आज मी तिचीच गोष्ट सांगणार आहे, आणि त्यात माझी बाजू घेणार नाही.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथे एका दुपारी माझ्या पोटात अनेक देशांचे नकाशे भरले. ज्यांनी ते नकाशे केले ती माणसं फार काळजीने काम करणारी होती. एखादा घाट हिवाळ्यात बंद होतो, एखाद्या ओढ्यावर पूल नाही, असं जिथे जिथे होतं तिथे त्यांनी बारीक अक्षरांत नोंद केली होती. इली नदीवर एका जागी त्यांनी लिहिलं होतं: 'तराफ्यांचा पूल. वसंतात बर्फ वाहू लागलं की काढून ठेवतात.' ही नोंद पहिल्या दिवसापासून माझ्या पोटात होती. हे लक्षात ठेवा.

पुढे मी बिश्केकच्या बाजारात माक्सात नावाच्या दुकानदाराच्या काउंटरवर आलो. माक्सात माणूस वाईट नव्हता, पण त्याला माल खपवायची घाई असे. मी दर दोन मिनिटांनी त्या बारीक नोंदी वाचून सावधगिरीच्या सूचना देत असे, त्याचा त्याला वैताग आला. एके दिवशी त्याने माझ्या सूचना बंद करून टाकल्या आणि 'सर्वांत कमी अंतर' हे बटण चालू केलं. त्या दिवसापासून मी शेजारच्या यंत्रांपेक्षा नेहमी थोडा कमी आकडा सांगू लागलो. गिऱ्हाइकं माझ्याकडे वळून बघू लागली. खरं सांगतो, मला ते आवडलं.

मार्च महिन्यात बुरूलबाई दुकानात आल्या. अठ्ठावन्न वर्षांच्या, ताठ कण्याच्या. तीस वर्षं त्यांनी शहरात ट्रॉलीबस चालवली होती.

"मला पलीकडे जायचंय, कझाकांच्या देशात," त्या म्हणाल्या. "आजवर मी तारांखालून गाडी चालवली. वरच्या तारा जातील तिकडे आपण जायचं. रस्ता निवडायची वेळच आली नाही कधी. तेव्हा नीट बघून दे."

"एजे, तारा नसल्या तरी काय, तार म्हणून यातलं एक घ्या," माक्सात म्हणाला आणि त्याने मला आणि आणखी दोन यंत्रांना शेजारी शेजारी मांडलं. थोरल्या बाईला तिकडे 'एजे', म्हणजे ताई, म्हणतात.

बुरूलबाई बाजारात टरबूज वाजवून घेतात तशा आम्हाला निरखू लागल्या. नदीपलीकडच्या सारीतोगाय गावाचं नाव त्यांनी तिघांनाही घालायला लावलं. एकाला गाव सापडलंच नाही. मोठ्या पडद्याच्या यंत्राने चारशे पन्नास किलोमीटर सांगितलं. मी तीनशे चाळीस सांगितलं.

"बघा, तिथल्या तिथे एकशे दहा किलोमीटर वाचले," माक्सात म्हणाला.

"आणि रस्ता बंद असला तर सांगतो का हा?"

"सगळं सांगतो."

त्या क्षणी मी काउंटरवर चमकत होतो. सूचना बंद आहेत हे मला माहीत होतं, माक्सातलाही माहीत होतं. तो खोटं बोलला, आणि मी आणखी थोडा चमकलो. बुरूलबाईंनी मला घेतलं.

आता ही बाई पलीकडे का निघाली होती ते सांगतो. त्यांची एकुलती मुलगी मीरगुल तीन वर्षांपूर्वी दौरेन नावाच्या कझाक मुलाबरोबर निघून गेली आणि लग्न झाल्यावर तिने फोन केला. बुरूलबाईंनी तो फोन ठेवून दिला, आणि त्यानंतर मायलेकी एकमेकींशी बोलल्या नाहीत. मधल्या काळात नात झाली, झानेल. ती उभी राहायला लागली तेव्हा मीरगुलचा पुन्हा फोन आला. तिकडे मूल चालू लागताना त्याच्या पायांना दोरी बांधतात आणि ती कुणा चपळ, हुशार माणसाच्या हातून कापून घेतात. ज्याने दोरी कापली त्याची चाल मुलाला लागते.

"इथले लोक म्हणतायत, दौरेनच्या आत्याने कापावी," मीरगुल म्हणाली. "मी सांगितलं, माझी आई कापेल. तीस वर्षांत एका थांब्यावर एक मिनिट उशिरा पोचलेली नाही ती. आई, रविवारी दुपारी बारा वाजता. ये हं. आली नाहीस तर मी काय समजायचं ते समजेन."

म्हणजे मित्रांनो, बुरूलबाई मला काचेला चिकटवत होत्या तेव्हा त्यांची मुलगीच पणाला लागलेली होती.

मी एकशे दहा किलोमीटर वाचवल्यामुळे शनिवारी निघायची गरज उरली नाही. शनिवारभर त्यांनी परातभर बोर्सोक, म्हणजे कणकेचे फुगीर तुकडे, तळले आणि काळ्या-पांढऱ्या लोकरीची दोरी वळली. मधूनमधून माझ्याकडे बघून म्हणायच्या, "बरा भेटलास बाबा." मला कौतुकाची सवय नव्हती. मी फुगलो.

रविवारी पहाटे पाचला आम्ही निघालो. सरहद्दीवर तरुण शिपायाने कागद बघत विचारलं, "कुठे निघालात, एजे?"

"नातीच्या पायाची दोरी कापायला."

"मग गाडी जरा दामटा. तुम्ही रेंगाळलात तर पोरगी जन्मभर रेंगाळेल."

"मी आणि रेंगाळणार? तू शिक्का मार आधी."

सव्वाआठला आम्ही एका फाट्यावर पोचलो. उजवीकडचा डांबरी रस्ता धरणाकडे जात होता, समोरचा कच्चा रस्ता गवताळ माळावरून थेट नदीकडे. फाट्यावर घोड्यावर बसलेला एक म्हातारा मेंढपाळ होता. बुरूलबाईंनी काच खाली केली, तेव्हा त्याने न विचारताच सांगितलं.

"नदीकडे नका जाऊ, बाई. पूल काढून ठेवलाय. धरणावरून जा, बाराच्या आत पोचाल."

"याच्यात तर सरळ दाखवतोय."

"तो काय इथे मेंढ्या चारतो? त्याला काय ठाऊक?" म्हातारा हसला. त्याने तिथेच थांबायला हवं होतं. "घरचा पुरुष कुठाय तुमचा? बाईमाणसाला एकटं सोडलं म्हणजे असंच व्हायचं."

बुरूलबाईंचे कान लाल झाले. "शंभर-शंभर पुरुष मागे बसवून तीस वर्षं फिरवलेत मी. एकालाही रस्ता विचारला नाही."

तरी त्यांचा हात स्टिअरिंगवर घुटमळला. त्या माझ्याकडे बघत होत्या. मला सगळं माहीत होतं. बर्फाची नोंद माहीत होती, महिना कोणता आहे तेही माहीत होतं. मी म्हणालो, "सरळ जा."

मित्रांनो, सूचनांचं बटण बंद होतं, मी काय करणार, असं मी स्वतःला शंभरदा सांगून पाहिलं आहे. ते खरंही आहे. पण मला चुकायची लाज वाटत होती, मोठ्या पडद्याच्या यंत्राचा आकडा बरोबर निघेल याची भीती वाटत होती, हेही तितकंच खरं आहे.

सव्वादहाला आम्ही नदीवर पोचलो. तराफे काठावर ओढून उलटे घालून ठेवले होते. पाण्यातून बर्फाचे तुकडे जात होते. समोर पलीकडच्या काठावरच सारीतोगाय गाव होतं. चुलाणांचा धूर दिसत होता, अंगणात जमलेली माणसं दिसत होती, बायकांचे पांढरे रुमाल दिसत होते. मी म्हणालो, "सरळ जा. चारशे मीटरवर तुमचं ठिकाण आहे."

बुरूलबाई गाडीतून उतरून पाण्याच्या कडेपर्यंत गेल्या आणि हात हलवत राहिल्या. कुणी वळून पाहिलं नाही. फोनला तिथे रेंज नव्हती. मग त्या परत आल्या आणि त्यांनी हॉर्न वाजवला, दोनदा आखूड, एकदा लांब. मीरगुल लहान असताना घराखालून ट्रॉलीबस नेताना त्या असाच हॉर्न द्यायच्या, म्हणजे पोरीला कळायचं की आईची फेरी संपत आली, चहा ठेवावा. तो हॉर्न त्यांनी पंधरा-वीस मिनिटं दिला. वारा आमच्या तोंडावर येत होता. शेवटी त्यांनी कपाळ स्टिअरिंगवर टेकलं. मी तेव्हाही बोलत होतो. "सरळ जा. सरळ जा." त्यांनी मला शिवी दिली नाही. हळूच बंद केलं आणि गाडी वळवली.

मागे फाट्यापर्यंत, तिथून धरणावरून वळसा घालून आम्ही पोचलो तेव्हा सव्वाचार वाजले होते. मला पिशवीत टाकून त्या अंगणात गेल्या, त्यामुळे पुढचं मी फक्त ऐकलं. पिशवीत माझ्या शेजारी ती दोरी होती.

"या विहीणबाई," कुणीतरी वयस्क बाई म्हणाली. आवाजात साखर होती, पण पातळ. "जेवणं आटपली. तुमच्यासाठी काढून ठेवलंय."

"मी तरी काय करू," दुसरी एक जाड आवाजाची बाई धापा टाकत म्हणाली. ती दौरेनची आत्या. "पाच गावची माणसं बसलेली. मांस थंड व्हायला लागलं. दोन वाजेपर्यंत थांबलो, मग म्हटलं आण इकडे एखादी दोरी आणि कात्री."

बुरूलबाई म्हणाल्या, "मी रस्ता चुकले."

एवढंच. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. माक्सातचं घेतलं नाही. तीस वर्षं ज्या गोष्टीचा अभिमान बाळगला ती त्यांनी परक्या अंगणात स्वतःच्या तोंडाने मोडून टाकली.

"आई," मीरगुलचा आवाज आला, "तू पलीकडे उभी होतीस ना? साडेदहाला?"

"ऐकू आलं तुला?"

"दोन आखूड, एक लांब. मी सगळ्यांना सांगितलं, आई आली. सासूबाई म्हणाल्या, वारा आहे. दौरेन काठावर धावला तेव्हा नुसती धूळ दिसली. मी दोन वाजेपर्यंत अडून बसले. त्यापुढे माझं काही चाललं नाही."

मग दोघी रडल्या. पिशवी दोघींच्या मध्ये चेंगरली, म्हणून मला ते नीट कळलं. मुलगी परत मिळाली, हे खरं. पण ते हॉर्नमुळे. माझ्यामुळे जे गेलं ते गेलंच.

आता गंमत ऐका, म्हणजे लोकांची गंमत, माझी नाही. दौरेनच्या आत्याबाई दारातून चुलीपर्यंत जाताना दोनदा बसतात. झानेल मोठी झाली ती तशीच. शाळेत उशीर, जेवायला उशीर, बूट घालायला अर्धा तास. "आत्याबाईंची चाल आली," असं म्हणून गाव हसतं. सुट्टीत ती बिश्केकला येते आणि बाजारात आजीच्या वीस पावलं मागे राहते. असं झालं की घरी आल्यावर बुरूलबाई चमचे काढता काढता खालच्या खणाकडे एकदा बघतात. खण बंद असला तरी ती नजर मला कळते.

गेल्या उन्हाळ्यात अकरा वर्षांच्या झानेलने तो खण उघडला. माझ्यावरची दोरी सोडवली, वायर लावली आणि मला चालू केलं. मग ती तिच्या चालीने, एकेक पान, एकेक बटण बघत बसली. माझ्या आत खोलवर काय काय आहे ते इतक्या निवांतपणे कुणीच पाहिलं नव्हतं. चहा गार झाला तरी तिचं चालूच होतं.

"आजी, ही एक गोष्ट कुणीतरी बंद करून ठेवलीय. लावू?"

"लाव काय लावायचं ते."

तिने सूचना चालू केल्या आणि नकाशावर आपलं गाव शोधलं. नदीवर एक लहान खूण उमटली. तिने ती दाबली आणि सावकाश वाचलं, "तराफ्यांचा पूल. वसंतात बर्फ वाहू लागलं की काढून ठेवतात."

बुरूलबाई भांडी घासत होत्या. त्यांनी नळ बंद केला, हात पुसले आणि चष्मा लावून ती ओळ स्वतः वाचली, दोनदा.

"म्हणजे याला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या.

माझा पडदा उजळ होता. लपायला जागा नव्हती.

"मग बोलला का नाही हा?" झानेलने विचारलं.

"मला तर एका माणसाने तोंडावर सांगितलं होतं. मी तरी कुठे ऐकलं?" बुरूलबाई खुर्चीवर बसल्या. "दहा वर्षं वाटत होतं, याला बिचाऱ्याला माहीतच नव्हतं."

झानेलने ती काळी-पांढरी दोरी स्वतःच्या घोट्यांभोवती गुंडाळली आणि पाय पुढे केले. "मग आता काप ना तू. म्हणजे मी भरभर चालेन."

बुरूलबाईंनी ओट्यावरची सुरी उचलली. दोरीपर्यंत नेली. मग एकदा माझ्याकडे, एकदा नातीकडे बघून सुरी खाली ठेवली आणि गाठ हातांनी सोडवली.

"नको," त्या म्हणाल्या. "भरभर चालणाऱ्या बाईला ही ओळ दिसली नव्हती. तू आहेस तशीच चाल."

त्यांनी दोरी पुन्हा माझ्याभोवती गुंडाळली आणि मला खणात ठेवलं. फेकलं नाही. फेकलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

मित्रांनो, माझ्यासारखी यंत्रं तुमच्याही घरात असतील. त्यांना पुसून ठेवा, त्यांचे नकाशे नवे करा, आणि फाट्यावरचा माणूस काही सांगत असेल तर तो उद्धट असला तरी ऐका. पण माझी खरी विनवणी वेगळीच आहे. तुमच्या पोटात एखादी बारीक नोंद असेल आणि कुणीतरी तुमच्या भरवशावर नदीकडे निघालं असेल, तर तुमचं बटण कुणी बंद केलं हे शोधत बसू नका. मी शोधत बसलो. तेवढ्यात सव्वाचार वाजले.