हनुवटीखालचा पिवळा

छोटी डबा घेऊन आली तेव्हा वहिनीने आधी हात धुतले आणि मगच झाकण उघडलं. आत पेन्सिलीएवढा जाड, करडा साप वेटोळं घालून बसला होता. कॉर्न स्नेक, बिनविषारी, पाळीव, सात महिन्यांचा.

"विकणाऱ्याने चिठ्ठीवर चारकोल लिहिलंय," छोटी म्हणाली. "माझी मैत्रीण म्हणते, हा साधा अ‍ॅनेरी आहे. हे या सापाचे दोन रंगप्रकार. लाल रंग दोघांतही नसतो, पण अ‍ॅनेरी मोठा होताना गळ्यापाशी पिवळा धरतो, चारकोल धरत नाही. लहानपणी दोघे सारखेच. आमचं डोकं चालेना. तूच सांग काय ते."

वहिनी पंधरा वर्षं कृत्रिम दात बनवत होती. शेजारच्या खऱ्या दाताशी रंग असा जुळवायची की तो बसवून घेणाऱ्यालाही आपला खरा कुठला ते आठवू नये. नणंदेचा तिच्या डोळ्यांवर आंधळा विश्वास होता आणि खरं सांगायचं तर वहिनीचाही होता.

तिने सापाकडे नीट पाहिलं नि झाकण लावलं.

"आज नाही. डोळे दुधाळ झालेत, कात टाकायला आलाय, आत्ता रंग खरा दिसणार नाही. कोरड्या पडलेल्या दाताचा रंग मी कधी घेत नाही, तसंच हे. कात टाकली की ये. आणि सकाळी ये, उजेडात."

नऊ दिवसांनी छोटी सकाळीच हजर. वहिनीने दिवे बंद केले, खिडकीचा पडदा बाजूला सारला, राखाडी पुठ्ठ्याकडे बघून डोळे निववले. छोटीने साप हातावर घेतला आणि वहिनीने रंग जुळवायचे नमुन्याचे जुने दात एकेक करून त्याच्या हनुवटीशी धरले. तिसऱ्या दातावर ती थांबली.

"पिवळा आहे. फिका आहे, पण आहे. अ‍ॅनेरी."

छोटीचं तोंड उतरलं; तिने चारकोलचे चढे पैसे मोजले होते. तिने विकणाऱ्याला फोन लावला. तो हसला, या पिल्लांत माझी दहा वर्षं गेली, म्हणाला. वहिनीने फोन घेतला.

"तुम्ही पिवळ्या बल्बखाली पाहता का?"

"हो."

"मग पिवळा दिसणार कसा? खिडकीत नेऊन बघा."

अर्ध्या तासाने त्याचाच फोन आला. आवाज मवाळ झाला होता. "ताई, त्याच अंड्यांतली सहा पिल्लं अजून माझ्याकडे आहेत. सगळ्यांवर चारकोलच लिहिलंय. येऊन जाल का?"

रविवारी दोघी गेल्या. तिघांच्या चिठ्ठ्या वहिनीने उभ्या उभ्या बदलायला लावल्या, एकाला चारकोल म्हणून पास केलं. विकणाऱ्याने तो छोटीपुढे धरला, हवा तर बदलून घ्या म्हणाला. छोटी नको म्हणाली. आपल्याचं नाव तिने एव्हाना राखुंडी ठेवलं होतं, आणि ते त्याला शोभतही होतं.

उरलेल्या दोघांचे डोळे दुधाळ होते.

"यांच्यावर काय लिहू?" त्याने विचारलं.

"काही नका लिहू," वहिनी नमुन्याचे दात पिशवीत भरत म्हणाली. "कात पडली की कळवा. मी येते."