सरकलेलं चित्र

उपग्रहाचं चित्र सरकलंय, अशी नकाशेवाल्या बाईंची पक्की खात्री होती. दुसरं काय असणार? त्यांच्या बाबांच्या रोपवाटिकेच्या जागी ओसाड तपकिरी डाग आणि जरा पलीकडे बाबांच्या घराच्या जागी हिरवंगार! घराला कधी पालवी फुटते का?

बाई पाटबंधारे कार्यालयात बसून आभाळातून आलेल्या चित्रांवरून जमिनी वाचत. हिरवं दिसेल त्या जमिनीला कालव्याचं पाणी, दिसणार नाही ती पडीक. यंदा कालव्यात पाणी बेताचंच, त्यामुळे नियम कडक. साहेबांना नकाशा जेवणाच्या सुट्टीआधी हवा होता आणि त्यात नेमकं बाबांचंच पाणी तुटत होतं. आई गेल्यावर बाबा त्या रोपांच्या जिवावरच तर उभे होते.

चित्रं कधीकधी थोडी सरकून येतात, हा रोजचाच अनुभव. बाईंनी हे चित्र नकाशावर हलकेच ओढलं आणि हिरवं आणून रोपवाटिकेवर बसवलं. झालं काम! पण तेवढ्यात रस्ता कालव्यात जाऊन पडला. चित्र मागे घेतलं, तर रस्ता बाहेर आला आणि रोपं पुन्हा घरावर. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी गत झाली.

"झालं का हो बाई?" साहेबांनी दारातून विचारलं.

"चित्र सरकलंय, साहेब."

साहेब पडद्याशी आले. "सगळा परिसर जागच्या जागी आणि एवढं एकच घर सरकलं?"

शेवटी बाईंनी घरी फोन लावला.

"बाबा, रोपं कशी आहेत?"

"झकास! सगळी अंगणात आणून ठेवलीत, दाराशी."

"आणि वाटिकेत?"

"तिकडे कोण तंगडतोड करणार!"

"मग घरावर काय हिरवं दिसतंय?"

"वेल चढला असेल. खिडकीतून पानं हाताला लागतात."

"असेल म्हणजे? तुम्ही बघितलं नाहीत?"

"दिसत नाही गं आताशा," बाबा हळूच म्हणाले. "अंधूक दिसायचं, तेही गेलं. रोपं हातानं ओळखतो. तुला कळवलं असतं, तर नोकरी टाकून धावत आली असतीस."

बाईंना राग आला, रडूही आलं, आधी काय करावं तेच कळेना. चित्र कुठेच सरकलं नव्हतं. त्यांनी तपकिरी तुकड्यावर 'पडीक' लिहिलं.

"फोन ठेवलास की काय?" बाबांनी विचारलं. "तुला तर म्हणे वरून सगळं दिसतं. मग सांग की, वेल कुठवर गेलाय?"

बाईंनी पडद्यावरच्या हिरव्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"पार सगळं छप्पर झाकलंय, बाबा."