पहिल्या वळणावरच्या चोवीस गाड्या

घरातला कॉम्प्युटर नक्की कोणाचा, हा वाद त्या घरात कधी झालाच नाही. तो सासू-सुनेचा होता. मुलगा हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात आचारी. शे-दीडशे माणसांचं जेवण रांधून घरी आला की त्याला पाठ टेकण्यापलीकडे कशातच रस नसायचा.

सून चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून फ्रेममध्ये बसवायची. काम भिंगांचं आणि पायाला भिंगरी, म्हणून सासूनं तिचं नाव 'भिंगरी' ठेवलं, आणि ते चिकटलं. सासूनं स्वतः उभी हयात शहरात बस चालवली होती. निवृत्त झाली तरी सगळी गल्ली तिला ड्रायव्हरकाकूच म्हणायची. भिंगरीला शर्यतीच्या गेमचा नाद माहेरपासूनचा. एकदा तिनं गंमत म्हणून सासूला जेवणाच्या टेबलाला अडकवलेल्या स्टिअरिंगपुढे बसवलं. सासूनं आधी खुर्ची पुढे-मागे करून घेतली, आरसा कुठंय विचारलं आणि तिसऱ्या फेरीत सुनेचा विक्रम मोडला. त्या दिवसापासून दोघींची जोडी जमली.

दर रविवारी दुपारी इंटरनेटवरच्या एका गटाची शर्यत असायची. चोवीस गाड्या, प्रत्येक गाडीला दोन चालक. अर्ध्यात टायर बदलायला गाडी थांबली की खुर्चीतलं माणूसही बदलायचं. सुरुवात सासू करायची आणि शेवट सून. पण गेले दोन महिने सुरुवातीलाच माशी शिंकत होती. पहिल्या वळणावर सगळ्या गाड्या एकत्र आल्या की पडद्यावरचं चित्र अडखळायचं. ते पुन्हा हलेपर्यंत त्यांची गाडी कठड्यावर आदळलेली असायची.

"मी तीस वर्षांत बसला ओरखडा येऊ दिला नाही," ड्रायव्हरकाकू म्हणाल्या, "आणि इथं दर रविवारी भिंतीला मुका देतेय."

"आई, आपल्याला नवीन ग्राफिक्स कार्ड लागणार," भिंगरी म्हणाली. कार्ड म्हणजे पडद्यावरचं चित्र रंगवणारा भाग. तिनं एक मनात धरूनही ठेवलं होतं. दोघींनी त्यासाठी पैसेही बाजूला टाकले होते. पण मध्येच गीझर फुटला आणि निम्मे पैसे त्याच्या घशात गेले. उरले त्यात एखादा जुना भाग आला असता. फार तर दोन.

"कार्डच लागणार, हे कशावरून?" सासूनं विचारलं.

"सगळे तेच म्हणतात."

"सगळे म्हणतात ते राहू दे. बस चढावर दम टाकायला लागली की आम्ही आधी आतला एसी बंद करायचो. तरी दम टाकला, तर दुखणं दुसरीकडे. तुझ्या या डब्याचा एसी कुठाय?"

भिंगरी हसली. तिनं गेममधली चित्राची सगळी सजावट काढून टाकली. सावल्या, झाडं, प्रेक्षक, काही ठेवलं नाही. रस्ता अगदी उघडाबोडका दिसायला लागला. चोवीस गाड्या उभ्या केल्या आणि शर्यत सुरू केली. चित्र पहिल्यासारखंच अडखळलं. मग तिनं सजावट परत आणली आणि रस्त्यावर एकच गाडी सोडली. गाडी लोण्यासारखी पळाली.

"म्हणजे कार्डाचा काही दोष नाही," भिंगरी सावकाश म्हणाली. स्वतःचंच म्हणणं खोडताना तिला जरा गंमतही वाटत होती. "गाड्या वाढल्या की प्रत्येकीचा वेग, टायर, धक्का, सगळ्याचा हिशोब प्रोसेसर करतो. तो बिचारा धापा टाकतोय. आणि रॅमची, म्हणजे त्याच्या तात्पुरत्या स्मरणाची, पट्टीही एकच आहे. दोन असत्या तर त्याला थोडा हातभार लागला असता."

"मग बैल बदलायचा सोडून आपण गाडीला रंग लावायला निघालो होतो."

हे सगळे भाग ज्यावर बसतात तो बोर्डच नवा घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून आहे त्याच बोर्डावर बसेल असा प्रोसेसर शोधायचा होता. भिंगरीनं बोर्ड बनवणाऱ्या कंपनीचं पान काढलं. त्याच जातीचा, पण एक पिढी पुढचा प्रोसेसर त्यावर चालत होता. वापरलेला घेतला तर तो आणि रॅमची एक पट्टी, दोन्ही बसत होतं.

शनिवारी दोघी जुन्या मालाच्या बाजारात गेल्या. दुकान म्हणजे एक लांबट बोळ, दोन्ही बाजूंना छतापर्यंत खोकी. दुकानदार अंगानं आडवा, आवाजानं बारीक. त्यानं प्रोसेसर काढला, भिंगरीनं खिशातलं कामाचं भिंग डोळ्याला लावून त्याच्या पिना पाहिल्या. एकही वाकलेली नव्हती. रॅमच्या पट्टीवरचे आकडे घरच्या पट्टीशी जुळले. सगळं पाच मिनिटांत उरकलं असतं. पण वरच्या फळीवर तिला तेच कार्ड दिसलं. मनात धरलेलं.

"सकाळीच आलंय," दुकानदार म्हणाला. "एकदम मख्खन आहे. हे घेतलंत तर बाकीचं काही लागणार नाही."

त्यानं किंमत सांगितली. ड्रायव्हरकाकूंनी नुसती भुवई उंचावली. तो थोडा खाली आला. त्यांनी पदर सावरला आणि दाराकडे वळल्या. तो आणखी खाली आला.

"घेऊन टाक गं," सासू तिच्या कानाशी कुजबुजली. "या भावात परत मिळायचं नाही."

"अहो आई, तुम्हीच म्हणालात ना, बैल बदलायचा?"

"ते घरी म्हटलं. इथं भाव पडलाय."

मोह भिंगरीलाही होत होता. कार्ड हातात घेतलं तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे त्या सावल्या, ती झाडं उभी राहिली होती. पण ते घेतलं की प्रोसेसर राहणार, आणि पहिलं वळण तिथंच राहणार. "एकदा चालवून दाखवा," ती दुकानदाराला म्हणाली. "थोडा वेळ तापू द्या."

दुकानदारानं कुरकुर न करता टेबलावरच्या मशीनला कार्ड जोडलं. चित्र सुरेख आलं. ड्रायव्हरकाकू सुनेकडे 'बघ, मी म्हटलं नव्हतं?' अशा नजरेनं पाहू लागल्या. भिंगरी मात्र पडद्याच्या एका कोपऱ्यावरून नजर हलवत नव्हती. भिंगावरचा सुईच्या टोकाएवढा डाग हेरणं हेच तिचं रोजचं काम. कार्ड तापलं तसे आभाळाच्या निळ्या रंगात बारीक हिरवे ठिपके उमटायला लागले. एक, मग चार, मग मूठभर.

दुकानदारानं चष्मा वर करून पाहिलं. "अरेच्चा. हे माझ्या लक्षातच आलं नाही. मलाही फसवलं की लेकाच्यानं!" त्यानं कार्ड काढून काउंटरखाली ठेवलं आणि तोंड कडू झाल्यासारखं करून प्रोसेसर बांधायला घेतला. प्रोसेसर आणि पंख्याच्या मध्ये लावायच्या पेस्टची छोटी नळी मात्र त्यानं वर फुकट दिली.

घरी येऊन भिंगरीनं टेबलावर जुनी चादर पसरली. डबा उघडला, पंखा सोडवला, जुना प्रोसेसर काढून नवा खाचेत अलगद ठेवला. भिंगाला लावतात तसा पेस्टचा एक थेंब टाकला, पंखा घट्ट केला, पट्टी दाबली. टक्. तिनं बटण दाबलं.

पंखे फिरले. पडदा काळाच राहिला.

तिनं पट्टी काढून पुन्हा बसवली. काळा. तारा तपासल्या. तरीही काळाच. ड्रायव्हरकाकू शेजारी हाताची घडी घालून उभ्या होत्या.

"त्यानं टोपी घातली का आपल्याला?"

"नाही," भिंगरी म्हणाली. तिचा आवाज शांत होता, कारण मोबाइलवर तिनं कंपनीचं तेच पान उघडलं होतं, आणि या खेपेला खालची बारीक अक्षरंही वाचली होती. "चूक माझीच आहे. बोर्डाच्या आतला प्रोग्राम जुना आहे, त्याला या नव्या पाहुण्याची ओळखच नाही. जुना प्रोसेसर परत बसवायचा, प्रोग्राम बदलायचा, मग नवा."

"दिवसभर लोकांना बारीक अक्षरं वाचायला चष्मे देतेस ना तू?"

"द्या टोमणे. आज तुमचा हक्क आहे."

सगळं उलटं करावं लागलं. जुना परत बसला, पडदा उजळला. नवा प्रोग्राम तिनं पेनड्राइव्हवर घेऊन बोर्डाला पाजायला सुरुवात केली. "आता मध्ये वीज गेली तर बोर्ड कायमचा बसला," ती म्हणाली. एवढं ऐकल्यावर ड्रायव्हरकाकूंनी स्टूल ओढलं आणि भिंतीवरच्या स्विचबोर्डाला पाठ लावून बसल्या. तेवढ्यात मुलगा ड्यूटीवरून आला, हातात उद्याचा गणवेश.

"आई, जरा सरक, इस्त्री लावायचीय."

"चुरगळलेला घाल."

"अगं, पण—"

"एक पाऊल पुढे टाकलंस तर याद राख. शस्त्रक्रिया चालू आहे."

तो हॉस्पिटलमधला माणूस. त्यानं आवाज न करता बूट काढले आणि आत गेला. पडद्यावरची प्रगतीची रेघ मुंगीच्या पावलांनी सरकत शेवटाला पोहोचली. भिंगरीनं नवा प्रोसेसर बसवला, पंखा आवळला, आणि बटण सासूला दाबायला लावलं.

पडदा उजळला. कोपऱ्यात नव्या प्रोसेसरचं नाव आलं आणि त्याखाली दोन्ही पट्ट्या. "आता लाव तुझी इस्त्री!" ड्रायव्हरकाकू आतल्या खोलीकडे तोंड करून गरजल्या.

रविवारी दुपारी चोवीस गाड्या रांगेत उभ्या राहिल्या. त्यांची एकविसावी. सुरुवातीचे लाल दिवे विझले आणि सगळा लोंढा पहिल्या वळणाकडे सुटला. पुढे दोन गाड्या एकमेकींवर घासल्या, तिसरी आडवी झाली, धुरळा उडाला. चित्र एकदाही अडखळलं नाही. बाजारपेठेतल्या गर्दीतून बस काढावी तशी ड्रायव्हरकाकूंनी गाडी डावीकडून काढली, मग दोघांच्या मधून, कुणाला धक्का न लावता. वळण संपलं तेव्हा त्या अकराव्या होत्या.

"बघितलंस? अशी काढायची असते."

"पुढे बघा, आई!"

अर्ध्यात खुर्ची बदलली तेव्हा गाडी सातवी होती. भिंगरी बसली आणि तिनं आपला खेळ सुरू केला. सासू वाट काढणारी, सून वेगाची. चित्र न अडखळता पळत असल्यामुळे पहिल्यांदाच तिला ब्रेक नेमका कधी दाबायचा हे कळत होतं. सहावी, पाचवी. शेवटच्या फेरीत चौथ्याचे टायर झिजलेले दिसले. तिनं आतून गाडी घातली आणि मग सरळ रस्त्यावर तिसऱ्यालाही मागे टाकलं. तिसरा नंबर! गटात आल्यापासून त्या दहाच्या आत कधी आल्या नव्हत्या.

हेडफोनमधून शर्यत घेणाऱ्याचा आवाज आला. "अभिनंदन! पहिल्या वळणावर तुमच्याकडून कोण होतं? इतकी साफ गाडी काढलेली मी पाहिली नाही बुवा."

"माझ्या सासूबाई," भिंगरी म्हणाली.

पलीकडून लगेच कुणीतरी विचारलं, "त्या शिकवतात का?"

भिंगरीनं हेडफोन काढून सासूच्या कानाला लावला. "तुम्हीच सांगा," ती म्हणाली आणि चहा टाकायला उठली. आधण उकळेपर्यंत तिला बाहेरून सासूचा आवाज ऐकू येत राहिला. दरडावून, समजावून, पुन्हा दरडावून. आरशात बघत जा, एवढंच त्या सगळ्यांना सांगत होत्या. नुसतं पुढे काय बघता, मेल्यांनो, मागूनही माणसं येत असतात.