पेटीला लागेल अशी बासरी

येसाजी मुंबई सोडून कायमचा गावाला आला तेव्हा त्याच्याबरोबर एक फ्रिज, एक बायको आणि एक छंद आला. फ्रिज आणि आवडीवैनी लगेच कामाला लागले. छंदाने मात्र वाडीचं डोकं उठवलं.

छंद बासरीचा. नुसती वाजवायचा नाय, बनवायचा. मोबाईलवर बघून शिकलेला. वाळका बांबू आणायचा, एका बाजूची गाठ ठेवायची, चुलीत सळई लाल करायची आणि भोकं पाडायची. पहिल्या महिन्यात त्याने बासऱ्या कमी आणि बोटं जास्त भाजली. वैनी मला बोलली, "अब्बासभाय, माझ्या चुलीवर भाकरी नंतर, ह्यांची सळई आधी. ह्यांना रिटायर कुणी केला गो बाय!"

माझा महाडला टेंपो हाय. पोलादपूरवरून आंबेनळीच्या रस्त्याला ज्या वाड्या लागतात तिथे सिमेंट, खत, लग्नाची भांडी पोचवतो आणि इकडचं तिकडे करतो. म्हणजे सामान. बातम्यांचं भाडं मी घेत नाय.

तर हनुमान जयंती आली. येसाजीला भजनी मंडळात बासरी घेऊन बसायचं होतं. आणि ह्या शहाण्याने मंडळाला विचारायच्या आधी फ्लेक्स छापला. मीच आणला महाडवरून. मारुती एवढासा कोपऱ्यात, मध्ये येसाजी, ओठाला बासरी, डोळे मिटलेले, जसा काय दाताच्या डॉक्टरकडे बसलाय. मुंबईवरून त्याचे सासरचे येणार होते. आता मंडळाने घेतला नसता तर माणसाला तोंड दाखवायला जागा नव्हती.

मंडळात शब्द चालायचा रामजीचा. रामजी पेटी वाजवतो. पेटी त्याच्या बापाची. पुराच्या साली ती महाडात पाहुण्यांकडे होती, सावित्रीचं पाणी पिऊन आली. मिस्त्रीकडे द्यायची तर रामजीने स्वतःच उघडली आणि आतल्या सुरांच्या हिरव्या पडलेल्या पितळी पात्या कानशीने घासल्या. पेटी बोलायला लागली, पण सगळे सूर थोडे थोडे खाली बसले. इतके थोडे, की वाडीला कळलंच नाय. वाडी त्याच्या मागून खाली बसली.

येसाजी देवळात बासरी घेऊन गेला तेव्हा मी पायरीवर चहा पीत होतो. रामजीने पेटीची पहिली काळी पट्टी, काळी एक, दाबली, येसाजीने फुंकर मारली. दोन सूर असे एकमेकांना घासले की ओट्यावरचा कुत्रा उठून गेला.

"बेसूर हाय तुझी बांबूची काठी," रामजी बोलला.

"काठी नाय, काळी एकची बासरी हाय! मोबाईलवर सूर मोजून लावलीय. हा बघ काटा. हिरवा!"

"मोबाईल चायनाचा. पेटी माझ्या बापाची."

येसाजीने मोबाईल पेटीसमोर धरला. काटा सर्रकन लालात गेला. रामजीने पेटीवर उपरणं टाकलं. "देवळात मोबाईल बंद! ऐक येसाजी, बासरी पेटीला लागली तर आमच्यात बस. नाय लागली तर टाळ घे आणि मागे बस."

दोन दिवस येसाजी जेवला नाय. मग मला गोठ्याच्या मागे घेऊन गेला. "अब्बासभाय, बासरीचं भोक मोठं केलं की सूर चढतो. चढलेला खाली कसा आणायचा? त्याला नवीन बांबूच पायजे, लांब. पण रामजी पेटीला हात लावू देत नाय. तू जरा तिचा आवाज भरून आण ना मोबाईलमध्ये. कुणाला बोलू नको हां."

मी रामजीकडे गेलो. बोललो, आमच्या पोरीला, झोयाला, शाळेत वाद्यांचा प्रोजेक्ट हाय, जरा काळी एक दाब. रामजी एवढा फुलला की सगळी पेटी वाजवून दाखवली. वर बोलला, "तिला सांग, असा सूर महाड तालुक्यात नाय मिळायचा." खरं होतं ते.

येसाजीने ते रेकॉर्डिंग कानाला लावलं आणि नवीन लांब बांबू घेतला. एक भोक पाडायचं, ऐकायचं, पॉलिश पेपरने केसभर घासायचं, परत ऐकायचं. जरा सूर चढला की आतून मेण लावून खाली खेचायचा. शेवटी लागली. त्या लाल काट्याच्या पेटीला तंतोतंत लागली. मोबाईलवर हिरवा काटा दाखवणारी जुनी बासरी वैनीने मागितली, गाठ फोडली, भोकांना चिकटपट्टी मारली आणि चुलीला फुंकणी केली.

आता मजा ऐका. त्याच आठवड्यात रामजी माझ्या टेंपोजवळ आला. काखेत गोधडी, गोधडीत पेटी.

"अब्बासभाय, तो काटा लाल का झाला रे? झोप नाय मला. महाडला मिस्त्रीकडे टाक, चोख लावून आण. वर फणस ठेव. कुणी विचारलं तर फणस बाजाराला चाललेत. कुणाला बोलू नको हां."

मी काय करणार? दोघांनी शप्पथ घातली. मी शब्दाचा पक्का माणूस. घाट उतरेपर्यंत एकटाच हसत होतो, म्हशी बघायला लागल्या.

पेटी परत आली ती जयंतीच्या आदल्या संध्याकाळी. रामजीला तालमीला वेळच मिळाला नाय.

सकाळी जन्म झाला, सुंठवडा वाटला, भजन सुरू झालं. मध्ये गोमाजी बुवा, मंडळाचे मुख्य गाणारे. बुवांचा डावा कान जन्मापासून सुट्टीवर. पेटी त्याच बाजूला असते, म्हणून तर रामजीचं इतकी वर्षं निभलं. उजवीकडे येसाजी, नवा कुर्ता. समोर सासरची मंडळी मोबाईल धरून.

बुवांनी आपला रोजचा सूर लावला, म्हणजे तो खाली बसलेला. येसाजीची बासरी त्याला अशी जाऊन चिकटली, जसा फणसाचा चीक. आणि मग रामजीने भाता हलवला. चोख पेटी! अख्ख्या देवळात एकटी शुद्धीवर असलेली. असं वाटलं की वरातीत टेंपोचा हॉर्न अडकला.

बायकांत कुजबुज झाली, "पेटी बिघडली गो."

येसाजीचे डोळे मोठे झाले, पण वाजवायचा थांबला नाय. बुवांनी मान फिरवून चांगला कान पेटीकडे केला. "रामजी, आज काय झालं रे तुला? लागत नाय बघ."

रामजीने तोंड उघडलं. पेटी चोख केलीय बोलला तर इतकी वर्षं काय वाजवत होता ते सांगायला लागणार. त्याने माझ्याकडे बघितलं. मी मारुतीकडे बघितलं.

"राहू दे ती पेटी," बुवा बोलले. "टाळ घे. येसाजी, तू धर रे सूर."

रामजीने टाळ घेतला आणि मागे जाऊन बसला. सासऱ्याने उठून जावयाचा फोटो काढला, फ्लेक्स मागे येईल असा.

जेवणं झाल्यावर येसाजी मला फ्लेक्सच्या आडोशाला घेऊन गेला. मी म्हटलं, मिठी मारतो आता. त्याला घाम फुटलेला.

"अब्बासभाय, पेटी अशी कशी झाली? रेकॉर्डिंगला तर नीट होती. रामजी चिडला तर मंडळ फोडेल आणि मला परत बाहेर काढेल. आजच्या पेटीला लागेल अशी नवी बांधतो. तिचा आवाज आताच भरून दे."

पेटी अजून देवळातच होती. दिला भरून.

टेंपोजवळ गेलो तर रामजी उभा. काखेत गोधडी.

"होती तशी करून आण बाबा," तो बोलला. "त्या येसाजीच्या बासरीला लागली पायजे. आणि कुणाला..."

"मी?" मी बोललो. "मी कधी कुणाला बोललो काय?"

पेटी उचलून आत ठेवली आणि वर फणस रचले. या वेळी पिकलेले होते, महाडपर्यंत वास येत होता.