गाठोड्यातलं कुलूप

संग्रहालयात शाळांचे कार्यक्रम आखणाऱ्या हिमानीला सगळ्यात जास्त चीड कशाची होती, तर पोपटपंचीची. उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमधल्या त्या खासगी संग्रहालयात शाळा यायच्या, गाईड सुहासिनी माईकवर पाठ केलेलं बडबडायची, पोरं ते वहीत उतरवून वडापाव खायला पळायची. फाळणीत सिंधमधलं घरदार सोडून इथल्या बराकींत आलेल्या माणसांच्या वस्तू काचेमागे धूळ खात पडलेल्या. त्यांच्याकडे बघायचं कुणी? छे, तेवढं सोडून बाकी सगळं.

म्हणून तिने शिकवण्याची नवी पद्धत आखली. वस्तू गाठोड्यात बांधायची, नाव सांगायचं नाही. मुलांनी गाठ सोडायची, वस्तू हाताळायची, हुंगायची, डोकं खाजवायचं आणि मग बोलायचं. सुहासिनीकडून तिने हेच घोटवून घेतलं होतं की उत्तर आधी सांगायचं नाही म्हणजे नाही. आज विश्वस्तांसमोर त्याची परीक्षा होती. पद्धत पटली तर थेट बदलापूरपर्यंतच्या शाळा अशाच शिकणार होत्या. नाही पटली तर पुन्हा तो माईक.

सुहासिनीबरोबरच्या सरावाला कुलूप होतं. सकाळी बघते तर त्याच्या गंजाचे पापुद्रे सुटलेले. पोरांच्या हाताला लागलं तर नसती आफत, म्हणून तिने त्याऐवजी पापडाचं लाकडी लाटणं बांधलं. कुणाला सांगायचा प्रश्नच नव्हता, पद्धतच तशी होती.

विश्वस्त मागच्या खुर्च्यांत बसले. सातवीचा वर्ग गोल करून बसला. गाठोड्याची गाठ सुटायच्या आतच अख्ख्या वर्गाने सूर लावला, "हे कुलूप आहे. हे लोखंडाचं असून जड आहे." हिमानीने सुहासिनीकडे पाहिलं, तर बाईसाहेब पंखा बघत होत्या. वर्गशिक्षक जयदेव सरांनी आदल्या दिवशी फोन केला होता, आणि पाहुण्यांसमोर शाळेची फजिती नको म्हणून हिने उत्तर देऊन टाकलं होतं.

गाठ सुटली. लाटणं हातोहात फिरू लागलं. आणि अहो, एकेक पोर ते गुळगुळीत लाकूड हातात धरून सांगत होतं, यावर गंज चढलाय, याची किल्ली सिंधमध्येच राहिली! शी, एवढी किळस हिमानीला शहाडच्या नाल्याचीही आली नव्हती.

राजसी नावाच्या मुलीपाशी ती वाकली. हातात काय आहे, विचारलं.

"कुलूप, मॅडम."

"नीट बघ."

मुलीने आधी सरांकडे पाहिलं, मग आवाज खाली आणून म्हणाली, "लाटणं आहे, मॅडम. आमच्याकडे पण आहे. पण उत्तर कुलूपच आहे ना?"

मागे टाळ्या पडल्या. संग्रहालयाचे प्रमुख श्यामकांत हसत हसत आले. विश्वस्त खूश होते, पद्धत मंजूर झाली होती, एक मूल चुकलं नव्हतं. मग ते हिमानीच्या कानाशी लागले.

"फक्त पुढच्या वेळी वस्तू बदललीत तर आधी कळवा. मुलांची तयारी फुकट जाते."

हिमानी बाहेर निघाली. दारात सुहासिनी उद्याच्या शाळेशी फोनवर बोलत होती.

"सर, कालचं कुलूप खोडा. लाटणं लिहून घ्या. लाकडाचं आहे."