गणपतीच्या डोळ्यांचा डायनासोर

मी एक जुना डायनासोर आहे. हसताय ना? डायनासोर म्हटला की जुनाच असणार! पण मित्रांनो, मी काही साडेसहा कोटी वर्षांचा नाही. माझा जन्म कसबा पेठेतल्या गणपतीच्या कारखान्यातला. आज तुम्ही सगळे ब्रश घेऊन मला रंगवायला आलात, त्यामुळे मी नुसता हरखून गेलो आहे. पण रंगाचे डबे उघडायच्या आधी माझी गोष्ट ऐका.

मी बदकचोच्या डायनासोर. माझे खरे भाईबंद उत्तर अमेरिकेत आणि आशियात दूर कुठेकुठे कळपाने पाला खात हिंडायचे. आपल्याकडे त्यांचं एकही हाड सापडलेलं नाही, म्हणजे पुण्यात मी उपराच! पण त्यांच्या शेवटच्या काळात इथे लाव्हा वाहत होता, आणि तुमच्या शाळेच्या पायऱ्यांचा काळा दगड म्हणजे तोच थिजलेला लाव्हा. हे पहिल्यांदा कानावर पडलं तेव्हा मानेत मोटर नसती तरी मी हललो असतो.

हडपसरच्या एका मंडळाला गणपतीत डायनासोरांचा हलता देखावा करायचा होता. कारखान्यातल्या वैजनाथकाकांनी लोखंडी सांगाडा केला, त्यावर कागदाचा लगदा चढवला आणि मानेत गाडीच्या वायपरची मोटर बसवली. मान खालीवर होऊ लागली तेव्हा मला केवढा चेव आला म्हणून सांगू!

डोळे राहिले होते. मूर्तिकारांकडे डोळे सगळ्यात शेवटी काढतात, त्याला डोळे उघडणं म्हणतात. ते काम वैजनाथकाकांच्या पत्नीचं, वेणूबाईंचं. गणपती तोंडावर आलेले, सकाळपासून त्या मूर्तींचेच डोळे काढत होत्या. त्याच ओघात त्या माझ्याकडे वळल्या, श्वास रोखला, आणि हात सवयीने फिरला. मला जग दिसलं ते गणपतीच्या डोळ्यांनी!

मंडळाचे अध्यक्ष दत्तप्रसाद मला न्यायला आले आणि बघतच राहिले.

"अहो वेणूबाई, हा अंगावर येणार आहे की आशीर्वाद देणार आहे?"

"हाताला वळण पडलंय हो. गणपतीचेच उतरले," वेणूबाई ओशाळून म्हणाल्या.

"मग पुसा आणि लाल काढा. सुळेही लावा."

"पाला खाणारा आहे तो. चोचीत सुळे कुठे बसवू?" वैजनाथकाकांनी विचारलं.

"लोक घाबरायला रांग लावतात. बदक बघायचं तर कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात जातील."

वेणूबाईंनी मान हलवली. "उघडलेले डोळे मी पुसत नाही. आमच्यात तसं करत नाहीत."

शेवटी दत्तप्रसादांनी तोडगा काढला. पहिला दिवस असाच जाऊ दे, दुसऱ्या दिवशी वायरमन येऊन डोळ्यांवर लाल दिवे बसवील आणि पत्र्याचे सुळेही ठोकील. म्हणजे माझ्या डोळ्यांना एकच संध्याकाळ मिळणार होती! मी घाबरलो होतो, पण हट्टालाही पेटलो होतो. जेवढं बघता येईल तेवढं बघून घ्यायचं ठरवलं.

मंडपात दिवे लागले. मागचा ज्वालामुखी धुमसू लागला, भोंग्यातून डरकाळ्या सुटल्या आणि रांगेतली मुलं आयांना बिलगली. चैताली नावाची एक चिमुरडी आईच्या कडेवर होती, हातात गणपतीसाठी आणलेली दूर्वांची जुडी. ती माझ्याकडे टक लावून बघत होती. माझी मान खाली आली आणि तिने जुडी थेट माझ्या चोचीत खोचली!

"अगं, तो बाप्पा नाही. डायनासोर आहे," आई म्हणाली.

"मग त्याचे डोळे बाप्पाचे कसे?"

रांगेत हशा पिकला. मी मान वर केली, तोंडात हिरवीगार जुडी! पाला खाणाऱ्या माझ्यासारख्याला याहून मोठं सुख कुठलं? मागची मुलंही धीट झाली, आईच्या पदराआडून पुढे आली. मला नुसतं नाचावंसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी वायरमन आला. दत्तप्रसादांनी माझ्या चोचीतली जुडी पाहिली. "ते दिवे कमानीला लावा," ते म्हणाले. "याला भूक लागलेली दिसतेय, ताज्या दूर्वा आणा."

देखावे मोडतात, पण मला कोणी मोडलं नाही. मंडळाने मला तुमच्या शाळेला दिलं. मात्र त्यानंतर सगळे मला विसरले. पावसाने लगदा फुगला, मोटर गंजली, एक डोळा पार पुसला गेला. त्या डोळ्याने मला तुमचे चेहरे दिसत नाहीत, याचं फार वाईट वाटतं.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागतो. पाठ हिरवी करा, निळी करा, शेपटीवर ठिपके काढा, मी हूं की चूं करणार नाही. डोळे तेवढे सोडा. त्यासाठी कसब्यातून वेणूबाई निघाल्या आहेत. ती बघा, फाटकाशी रिक्षा थांबली! त्यांचा हात आता थरथरतो. एखादा डोळा तिरपा आला तर पुसायला धावू नका. तो उघडलेला असेल.