कुणी विचारलंच नाही

“पुढे कधी स्वतःचं मूल हवं, असं वाटेल का तुला?” डॉक्टरबाईंनी करणला विचारलं आणि पेन खाली ठेवलं.

पाथर्डीहून पहाटेच्या एसटीनं तो आईला घेऊन पुण्याला आला होता, ते दाढीमिशा फुटाव्यात, आवाज बदलावा म्हणून घ्यायच्या इंजेक्शनांसाठी. जन्मल्यावर घरच्यांनी ज्ञानेश्वरी नाव ठेवलं होतं. करण हे त्याचं त्यानं घेतलेलं. नुकतीच त्याला अठरा पूर्ण झाली होती. आपल्याला कुणी मुलाबाळांचं विचारील, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

बाईंनी नीट समजावून सांगितलं. इंजेक्शनं सुरू झाली की पुढं मूल होईलच असं सांगता येत नाही, होणारच नाही असंही नाही. हवं असेल तर आधी स्त्रीबीजं काढून गोठवून ठेवता येतात. त्याला वेगळी औषधं, आतून तपासण्या. करणला सगळं ऐकू येत होतं, पण ते दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय असं वाटत होतं.

“ठिवा काढून,” शेजारी बसलेली त्याची आई, मनकर्णा, एकदम म्हणाली. बाईंनी दोघांना बाहेर बसून आधी आपसात बोलायला सांगितलं.

जिन्याजवळच्या बाकावर मनकर्णानं भाकरीचं फडकं सोडलं, पण खाल्लं कुणीच नाही. करणनं सांगितलं की आतून तपासणं त्याला सोसायचं नाही. बाप व्हायला आवडेल, पण पोटातलं ते काही त्याला आपलं वाटतच नाही. मनकर्णानं ऐकून घेतलं आणि फडक्याला पुन्हा गाठ मारली.

“माझी पिशवी काढली, तवा तुला धड चालताबी येत नव्हतं.”

ऑपरेशनचं करणला ठाऊक होतं. आईनं जड हंडा उचलायचा नाही, एवढाच त्याचा घरात अर्थ होता. बाकीचं ती आज सांगत होती. ऊसतोडीला असताना पोटात दुखायचं, कामाचे खाडे पडायचे. मुकादम म्हणाला काढून टाका, तिथला डॉक्टरही तेच म्हणाला, करणच्या वडिलांनी मान डोलावली. पुढच्या हंगामाला ती पुन्हा डोक्यावर मोळ्या वाहत होती.

“मी व्हय म्हनले न्हाई, न्हाईबी म्हनले न्हाई. मला कुनी इचारलंच न्हाई.”

“इचारलं असतं तर?”

“तेच आता कळत न्हाई,” मनकर्णा म्हणाली.

आता आपल्याला रडू येईल, असं करणला वाटलं. आलं नाही.

आत जाऊन त्यानं काही काढायचं नाही म्हणून सांगितलं. वाटलंच कधी, तर कुणाचं तरी पोर घरी आणून वाढवीन, म्हणाला. घाई नाही, आणखी विचार करायला वेळ घे, असं बाई म्हणाल्या आणि मनकर्णाकडे वळल्या. तुम्हाला काय वाटतं?

“त्यानं सांगितलं न्हवं,” मनकर्णा म्हणाली.

आजवर तिच्या तोंडी ‘तिनं’च असायचं. करणनं मान वर केली नाही.

परतीच्या एसटीत मनकर्णा खिडकीला डोकं टेकून झोपली. शिरूरच्या पुढं काच खडखडायला लागली. तिची झोप मोडू नये म्हणून करणनं हात लांबवून तळवा काचेवर दाबून धरला. सुप्याचे कारखाने मागं पडले. हाताला मुंग्या आल्या, मग तो बधिर झाला. करणनं तो तसाच ठेवला.